साखळी गाळलेला ग्रंथ : काझी नुमान यांचे ‘दआइमुल इस्लाम’ आणि मुंबईतील संहितासंशोधन

इ. स. 1951 मध्ये कैरो येथील दारुल मआरिफ या प्रकाशनसंस्थेने ‘दआइमुल इस्लाम’ या अरबी ग्रंथाचा पहिला खंड प्रसिद्ध केला. ग्रंथकर्ते काझी नुमान हे याच शहरात, शहराची पायाभरणी होऊन जेमतेम पाच वर्षे लोटली असताना, 974 मध्ये निवर्तले होते. संपादक होते आसफ अली असगर फैझी : 1899 मध्ये माथेरानला जन्मलेले, मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे माजी प्राचार्य आणि त्या सुमारास भारताचे इजिप्तमधील राजदूत. फातिमी खिलाफतीच्या काळात जो ग्रंथ कैरोत राज्याचा कायदा म्हणून वाचला जात होता, तो ती खिलाफत 1171 मध्ये संपुष्टात आल्यावर तेथून नाहीसा झाला. पुढची सुमारे आठ शतके तो येमेन आणि पश्चिम भारत येथील एका लहान समाजाच्या हस्तलिखितांतून टिकून राहिला. कैरोला तो छापील रूपात परत मिळाला तो मुंबईमार्गे. हा दुसरा खंड 1960 मध्ये निघून पूर्ण झालेला उद्योग इस्लामी विधिशास्त्राच्या इतिहासात नोंदला गेला आहेच; परंतु संहितेचे प्रामाण्य नेमके कशात असते, या साहित्यशास्त्रीय प्रश्नाच्या दृष्टीने त्याची चर्चा मराठीत व्हावी तशी झालेली नाही.

हदीसवाङ्मयात प्रत्येक वचनाचे दोन घटक असतात. एक मूळ मजकूर, मत्न. आणि दुसरा त्याआधी येणारी निवेदकांची साखळी, इस्नाद. अमुकाने तमुकाकडून ऐकले, त्याने अमक्याकडून, आणि त्याने प्रेषितांकडून, असा तिचा घाट असतो. नवव्या शतकात बुखारींसारख्या संकलकांनी (मृत्यू 870) वचनाची पारख या साखळीवरून करण्याचे शास्त्र परिणतीला नेले. साखळीतला प्रत्येक माणूस विश्वासू होता काय, दोघा लगतच्या निवेदकांची भेट कालदृष्ट्या संभवनीय होती काय, हे प्रश्न मजकुराच्या अर्थाइतकेच महत्त्वाचे ठरले. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे शब्दप्रमाणाची मदार ‘आप्त’ कोण यावर असून, आप्तत्व सिद्ध करण्याची रीत म्हणून साखळी उभी राहते. शिया परंपरेतही ही रीत होतीच. नुमान तरुण असताना निवर्तलेले कुलैनी (मृत्यू 941) यांचा ‘अल्-काफी’ हा बृहत्संग्रह साखळ्यांनी भरलेला आहे.

‘दआइमुल इस्लाम’मध्ये मात्र साखळ्या नाहीत. ‘जाफर बिन मुहम्मद यांच्यापासून’ एवढे म्हणून वचन सुरू होते आणि लगेच नियम सांगितला जातो. बहुसंख्य वचने इमाम जाफर सादिक (मृत्यू 765) आणि त्यांचे वडील इमाम मुहम्मद बाकिर यांची. काही प्रेषितांची, काही हजरत अलींची. इमाम जाफर आणि ग्रंथकर्ता यांच्यामध्ये दोनशे वर्षे जातात, आणि त्या दोनशे वर्षांतला एकही माणूस पृष्ठावर दिसत नाही. संक्षेपासाठी साखळ्या वगळल्या, असे ग्रंथकर्ते स्वतःच सांगतात. हे कारण खोटे नाही. पण तेवढ्यावर थांबले तर ग्रंथाचे मर्म हातचे जाते.

नुमान यांना साखळी ठाऊक नव्हती असे नाही. कैरवानच्या मालिकी पंथीयांच्या दाट वस्तीत, सहनून यांच्या ‘मुदव्वना’वर पोसलेल्या विधिपंडितांच्या प्रदेशात ते वाढले. इब्न खल्लिकान यांच्या चरित्रकोशानुसार ते आरंभी स्वतःच मालिकी होते. उत्तर आफ्रिकेतील फातिमी सत्तेच्या सेवेत ते 925 च्या सुमारास शिरले आणि अल्-महदी, अल्-काइम, अल्-मन्सूर व अल्-मुइझ्झ अशा चार खलिफांच्या पदरी राहिले. प्रथम त्रिपोलीचे आणि नंतर नव्या राजधानीचे, मन्सूरियाचे, ते काझी झाले. या सेवेच्या पूर्वार्धात त्यांनी ‘किताबुल ईझाह’ नावाचा एक प्रचंड संग्रह सिद्ध केला होता. त्यात साखळ्या होत्या, आधारभूत ग्रंथांची नावे होती, एकाच विषयावरील परस्परविरुद्ध वचने होती आणि त्यांतून निवड कशी केली याची चर्चा होती. पुढे त्याचेच संक्षेप त्यांनी एकामागून एक केले. विद्यार्थ्यांना पाठ करण्यास सोपे जावे म्हणून एक पद्यमय संक्षेपही रचला. म्हणजे साखळी गाळण्याची क्रिया एका दिवसात घडलेली नाही. संग्राहकाच्या दप्तरापासून न्यायासनाच्या पोथीपर्यंत येणारी ती एक दीर्घ छाटणी आहे, आणि 960 च्या सुमारास अल्-मुइझ्झ यांच्या आज्ञेवरून रचलेले ‘दआइम’ हा तिचा अखेरचा, प्रौढ टप्पा आहे.

या आज्ञेची हकिकत पंधराव्या शतकातील येमेनी दाई इद्रीस इमादुद्दीन यांनी आपल्या इतिहासग्रंथात दिली आहे. खलिफांच्या सभेत दाई जमले असताना बनावट वचनांचा आणि पंथभेदांचा विषय निघाला. नवनव्या मतांचा सुळसुळाट झाला की जाणत्याने आपले ज्ञान प्रकट करावे, या आशयाचे प्रेषितवचन खलिफांनी सांगितले आणि नुमान यांच्याकडे वळून, या काळी तो जाणता तूच, असे सुचविले. त्यानंतर ग्रंथाची रूपरेषा त्यांनी घालून दिली, प्रकरणामागून प्रकरण त्यांच्यासमोर वाचले गेले आणि त्यांनी दुरुस्त्या केल्या. ही हकिकत घटनेनंतर पाच शतकांनी लिहिलेली आणि भक्तिभावाने रंगलेली आहे, हे ध्यानात ठेवावे लागते. तरीही तिच्यातून ग्रंथाचे स्वरूप उलगडते. इमामनिष्ठ दृष्टीने इमाम जाफरांचे ज्ञान त्यांच्या वंशजात, म्हणजे सिंहासनावर बसलेल्या इमामात, अखंड आलेले आहे. मग मधल्या दोनशे वर्षांच्या निवेदकांची गरज काय? वचन खरे की खोटे हे सांगणारा समोरच बसला आहे. साखळी गाळली गेली ती संक्षेपासाठी, पण ती गाळणे शक्य झाले ते तिचे काम एका जिवंत व्यक्तीने पत्करल्यामुळे.

याची प्रचिती ग्रंथाच्या रचनेतही येते. ‘दआइम’ म्हणजे आधारस्तंभ. नुमान सात स्तंभ मोजतात : वलाया, शुद्धी, नमाज, जकात, रोजा, हज आणि जिहाद. पहिला स्तंभ वलाया, म्हणजे इमामाविषयीची निष्ठा. तिच्याशिवाय उरलेल्या सहांना आधार नाही. ईमान आणि इस्लाम यांतील भेदाच्या विवेचनाने ग्रंथ उघडतो आणि लगेच वाचकाला या पायरीवर आणून सोडतो. एरवी विधिग्रंथ शुद्धिप्रकरणाने सुरू होतात, आधी पाण्याचे प्रकार येतात. येथे पाणी दुसऱ्या क्रमांकावर जाते. पहिल्या खंडात उपासना, दुसऱ्यात व्यवहार : क्रयविक्रय, शपथ, अन्नपान, शिकार, विवाह, तलाक, दान, मृत्युपत्र, वारसा, दंड आणि न्यायाधीशाचे आचरण. पहिले प्रकरण दृष्टिआड केले तर दुसरा खंड कोणत्याही पंथाच्या काझीला परिचित वाटावा असा आहे. नियमही पुष्कळदा सुन्नी बहुमताजवळचे आहेत. इमामी शिया पंथाने मान्य केलेला मुदतीचा विवाह, मुता, येथे निषिद्ध आहे. वारसदाराच्या नावे केलेले मृत्युपत्रही येथे ग्राह्य नाही. इमामी विधीत ते एक-तृतीयांशापर्यंत चालते. मालिकी प्रजेवर राज्य करणाऱ्या शिया सत्तेचा हा व्यवहार होता, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु या नियमांमागे जुन्या वचनसंग्रहांचे आधार होते हे पुढे दिसून आले आहे, आणि सर्वच राजकीय हिशेबावर ढकलणे म्हणजे विधिपंडिताच्या व्यासंगाचा अवमान करणे होईल.

साखळी नसण्याची किंमत मात्र मोजावी लागतेच. जिहादप्रकरणात राज्यपालाने कसे वागावे याविषयीचा एक विस्तृत आज्ञालेख येतो. हजरत अलींच्या नावे तो सांगितला असून, त्याचा उगम प्रेषितांपर्यंत नेला आहे. याच्याशी पुष्कळ मिळताजुळता लेख ‘नहजुल बलागा’ या अकराव्या शतकारंभीच्या संग्रहात, हजरत अलींनी मालिक अल्-अश्तर यांना लिहिलेले पत्र म्हणून येतो. दोन्हींचे मूळ कोणते? ‘दआइम’ने वाट पुसून टाकलेली असल्यामुळे शैलीवरून आणि राजकीय संदर्भांवरून तर्क करावा लागतो. वदाद अल्-काझी यांनी 1978 मध्ये हा लेख आरंभीच्या फातिमी राजकारणातील दस्तऐवज मानावा असे मत मांडले, ते याच मार्गाने. साखळी असती तर प्रश्न सुटला असता असे नव्हे, कारण साखळ्याही रचता येतात. पण निदान कोणाला साक्षीला बोलावले होते ते समजले असते.

याहून मनोरंजक घोटाळा ग्रंथकर्त्याच्या ओळखीविषयी झाला. सतराव्या शतकात इराणात मजलिसी यांनी ‘बिहारुल अन्वार’ हा आपला विश्वकोशसदृश संग्रह रचताना ‘दआइम’चा उपयोग केला. नुमान हे मनाने बारा इमामी होते आणि फातिमी सत्तेच्या भयाने त्यांनी इमाम जाफरांपुढील इमामांची वचने दिली नाहीत, असा खुलासा त्यांनी पुढे केला. पुढे एकोणिसाव्या शतकात नूरी तबरसी यांनीही आपल्या पुरवणीग्रंथात ‘दआइम’मधील वचने मोठ्या प्रमाणावर घेतली. मालिकी, बारा इमामी, इस्माइली असे तीन ग्रंथकार एकाच संहितेतून वाचले गेले. येथे संहितेतील मौन हाच पुरावा ठरला : जे गाळले त्यावरून हेतू ठरविला गेला. वाचकाची अपेक्षा संहितेतील रिक्त जागा कशी भरते याचे इतके बोलके उदाहरण आधुनिक समीक्षेलाही सहज सापडणार नाही.

फातिमी राज्यात ग्रंथाचा वापर प्रकट होता. नुमान यांचे पुत्र व नातू अनेक दशके काझीपदावर राहिले. 975 मध्ये पुत्र अली यांनी अल्-अझहर मशिदीत पित्याच्या एका विधिसंक्षेपाचे जाहीर वाचन केले. याच ग्रंथावर नुमान यांनी ‘तावीलुद् दआइम’ हा दुसरा ग्रंथ रचून प्रत्येक विधीचा गूढार्थ निराळा सांगितला होता : जाहिर सर्वांसाठी, बातिन दीक्षितांसाठी. पण 1130 मध्ये खलिफा अल्-आमिर यांची हत्या झाली, त्यांचे बालपुत्र तैयब हे गुप्तावस्थेत गेले असे येमेनमधील अनुयायांनी मानले, आणि ज्या जिवंत साक्षीवर ग्रंथ उभा होता तीच दृष्टिआड झाली. तेव्हा एक उलटापालट घडली. इमामाच्या मान्यतेमुळे जो ग्रंथ प्रमाण झाला होता, तोच आता इमामाच्या अनुपस्थितीत त्याचा शब्द बोलू लागला. आणि गाळलेली साखळी वेगळ्या रूपाने परतली. आता ती वचनाआधी नव्हती, पोथीभोवती होती : कोणाकडून वाचला, कोणाच्या अनुज्ञेने उतरविला, कोणाच्या प्रतीशी ताडून पाहिला. सोळाव्या शतकात दाईंचे पीठ येमेनमधून गुजरातेत आले आणि त्याबरोबर ग्रंथही आले. पुढे दाऊदी आणि सुलैमानी अशा दोन शाखा झाल्या. दोहोंनी ‘दआइम’ प्रमाण मानले. अठराव्या शतकात उज्जैनचे इस्माईल अल्-मजदू यांनी या वाङ्मयाची सूची केली, ती वर्णानुक्रमे नव्हे, तर अध्ययनाच्या पायऱ्यांनुसार : आधी कोणते वाचावे, मग कोणते. सूची हीच अधिकारभेदाची मांडणी झाली. ‘दआइम’ हा जाहिर विद्येचा ग्रंथ म्हणून खालच्या पायऱ्यांवर येतो, तरी परक्याच्या हाती तो सहजासहजी पडत नसे. पुण्याच्या बोहरी आळीतून कागद आणि लोखंडी सामान नेणाऱ्या पिढ्यांना शेजारच्या समाजाच्या कपाटात दहाव्या शतकातील एका साम्राज्याची विधिसंहिता असू शकते याची कल्पना नसावी, यात नवल नाही.

मराठी अभ्यासकाला येथे महानुभावांची आठवण होणे अपरिहार्य आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गावोगाव हिंडून, पाहणाऱ्या-ऐकणाऱ्यांकडून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून पारखून घेतल्या. मूळ पोथी खालशाच्या धाडीत गेल्यावर आठवणीतून ज्या प्रती सिद्ध झाल्या, त्यांतील भेद सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदविले गेले. हा जवळजवळ इस्नादच आहे. पुढे केशिराजबासांनी लीळांतून चक्रधरांची वचने तेवढी वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ सिद्ध केला. प्रसंग गळला, निवेदक गळला, वचन उरले. आणि मग कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी उच्चारले हे सांगण्यासाठी ‘प्रकरणवश’ लिहावे लागले. सकळ लिपीच्या आवरणाखाली हे वाङ्मय विसाव्या शतकापर्यंत पंथाबाहेर अपरिचित राहिले आणि राजवाडे-भावे यांच्या पिढीने ते उजेडात आणले. साम्य येथवरच. महानुभाव पंथाच्या मागे कधी राज्य नव्हते आणि ‘सूत्रपाठा’वरून कोणा काझीने वारसाचे वाटे केले नाहीत. ‘दआइम’ हा आधी दंडशक्तीचा ग्रंथ होता, मग तो आठवणीचा झाला. त्याच्या गुप्ततेला हरवलेल्या सत्तेची किनार आहे.

फैझी सुलैमानी बोहरा कुळातले. केंब्रिजमध्ये शिकून बॅरिस्टर झालेले आणि मुंबई उच्च न्यायालयात वकिली केलेले. त्यांना हा ग्रंथ प्रथम खुणावला तो वकील म्हणून. ब्रिटिश न्यायालयांपुढे शिया विधी म्हणजे बेली यांच्या 1869 च्या संक्षेपात इंग्रजीत आलेला बारा इमामी विधी होता. बोहऱ्यांचा स्वतःचा प्रमाणग्रंथ न्यायाधीशांना उपलब्धच नव्हता, कारण तो छापलेला नव्हता आणि ज्यांच्याजवळ होता ते तो दाखवीत नसत. मृत्युपत्राबाबतचा वर सांगितलेला भेद लक्षात घेतला तर याचा अर्थ उघड होतो : एखाद्या मुलीच्या किंवा भावाच्या वाट्याला काय येणार, हे न वाचलेल्या पुस्तकावर अवलंबून होते. 1933 मध्ये फैझींनी ‘दआइम’मधील मृत्युपत्रप्रकरण भाषांतरासह स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले, ते या पार्श्वभूमीवर. पुढच्याच वर्षी नुमान यांच्या चरित्रावरील व ग्रंथांवरील त्यांचा लेख आला. ग्रंथसंग्रह उघडणारे ते एकटे नव्हते. हैदराबादचे झाहिद अली आणि मुंबईत अध्यापन करणारे हुसैन हमदानी हेही आपापल्या घराण्यातील हस्तलिखिते अभ्यासकांपुढे आणीत होते. मुंबईतच 1933 मध्ये रशियन प्राच्यविद्यापंडित इव्हानोव्ह आणि फैझी यांच्या पुढाकाराने इस्लामिक रिसर्च असोसिएशन स्थापन झाली. त्याच वर्षी मजदूंच्या सूचीवर आधारलेली इव्हानोव्ह यांची इस्माइली वाङ्मयाची मार्गदर्शिका निघाली. आणि त्याच वर्षी पुण्यात भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे आदिपर्व सुखटणकरांच्या प्रस्तावनेसह पूर्ण झाले. योगायोगाला फार अर्थ लावू नये. पण बोरघाटाच्या दोन बाजूंना दोन धर्मपरंपरांच्या संहिता एकाच वेळी पाठभेदांच्या तराजूत घातल्या जात होत्या, एवढे नोंदविले पाहिजे.

सुखटणकरांपुढे प्रतींचा महापूर होता. फैझींपुढची अडचण उलट स्वरूपाची होती : प्रती मोजक्या, एकाच बंदिस्त परंपरेतल्या, आणि त्या परंपरेतील लेखकाची श्रद्धा अशी की पवित्र शब्दाला हात लावू नये. अशा परंपरेत पाठभेद कमी राहतात, पण समासांत टिपा वाढतात. फैझींनी या समासटिपा फेकून दिल्या नाहीत, हे त्यांच्या संपादनाचे मोठे वैशिष्ट्य. कैरो आवृत्तीच्या तळाशी पाठभेदांबरोबर, अमुक प्रतीच्या समासात अमुक मजकूर ‘मुख्तसरुल आसार’मधून घेतला आहे, अशा नोंदी पानोपानी आढळतात. ‘मुख्तसरुल आसार’ हाही नुमान यांचाच संक्षेप. कोणा अनाम वाचकाने येमेनमध्ये किंवा गुजरातेत एक ग्रंथ दुसऱ्याशी ताडून पाहिला आणि समासात लिहून ठेवले. आता तो वाचक अप्रकट राहूनही छापील संहितेचा भागीदार झाला आहे. चिकित्सक आवृत्तीने अनुज्ञेच्या साखळीच्या जागी प्रतींचा वंशवृक्ष आणला असे म्हटले जाते. येथे दोन्ही एकाच पानावर, एकाखाली एक दिसतात.

पोथी छापल्याने अधिकाराचा प्रश्न मिटला नाही, तो उघड्यावर आला. जो ग्रंथ पूर्वी गुरूकडून पायरीपायरीने मिळत असे, तो कोणालाही दुकानात विकत घेता येऊ लागला, आणि अर्थ लावण्याची मक्तेदारी प्रश्नांकित झाली. फैझींना याची जाणीव होती. ‘अ मॉडर्न अ‍ॅप्रोच टु इस्लाम’ (1963) या पुस्तकात त्यांनी धर्म आणि कायदा यांची फारकत करावी अशी स्पष्ट भूमिका घेतली. ज्या ग्रंथात कायद्याचा पहिला स्तंभच निष्ठा आहे, त्याच्या संपादकाने ही भूमिका घ्यावी यात एक ताण आहे, आणि तो त्यांच्या लेखनात पूर्णपणे सुटलेला नाही. 1957 मध्ये त्यांनी आपला इस्माइली हस्तलिखितांचा संग्रह मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिला. 1965 मध्ये गोरियावाला यांनी त्याची वर्णनात्मक सूची केली. मजदूंच्या सूचीत वाचकाची पात्रता विचारली जाई. या सूचीत पुस्तकाचा क्रमांक, आकार आणि पत्रसंख्या असते.

1981 मध्ये फैझी निवर्तले तेव्हा ‘दआइम’चे त्यांचे इंग्रजी भाषांतर अप्रकाशित होते. इस्माईल पूनावाला यांनी ते समूळ तपासून, टीपा जोडून 2002 आणि 2004 मध्ये दोन खंडांत दिल्लीहून प्रसिद्ध केले. या टीपांत इमामी आणि सुन्नी संग्रहांतील समांतर वचने शोधून दाखविण्यावर मोठा भर आहे. म्हणजे नुमान यांनी जे पुसले ते बाजूच्या ग्रंथांवरून पुन्हा रेखाटण्याचा हा प्रयत्न आहे. त्याआधी 1976 मध्ये विल्फर्ड माडेलुंग यांनी दुसऱ्याच बाजूने वाट काढली होती. साखळ्यांनी भरलेला ‘किताबुल ईझाह’ काळाच्या ओघात नष्ट झाला, कारण संक्षेप सिद्ध झाल्यावर एवढा मोठा ग्रंथ उतरवून घेण्याची कोणाला गरज भासली नाही. त्याचा एक लहानसा तुकडा तेवढा टिकला, नमाजप्रकरणाचा. त्या थोड्या पानांत नुमान प्रत्येक वचनापूर्वी आपण कोणते पुस्तक वाचले ते सांगतात : कूफा व मदिना येथील शिया परंपरेतील जुनी इमामी पुस्तके, आणि त्यांच्या जोडीला झैदी पुस्तकेही. यांपैकी कित्येक पुस्तके आज अन्यत्र कोठेही उपलब्ध नाहीत. त्यांची नावे आणि काही ओळी राहिल्या आहेत त्या या एका तुकड्यात, ज्या साखळ्या पुढे ‘दआइम’मधून काढून टाकायच्या होत्या त्यांच्यात.